कुत्र्याचे पंचवीस

बोमाँटहून निघालो तेव्हा खिडक्या उघड्या होत्या.
पाकिटात दोनशे अकरा डॉलर,
डिकीत एक ब्लँकेट, पीनट बटरची बरणी, दोन पाव,
आणि मागच्या सीटवर हबकॅप,
एक कान फाटका, डोकं बाहेर काढून
अख्खं टेक्सस हुंगत बसलेला.
हिशेब सोपा होता. झोपायचं गाडीतच,
खर्च फक्त पेट्रोलचा,
न्यू मेक्सिकोत बहिणीच्या दाराशी इंजिन बंद केलं
की पुढचं पुढे.

हवामान खात्याने सांगितलं होतं म्हणे.
माझा रेडिओ एप्रिलपासून मुका आहे.

जंक्शन ओलांडलं आणि आकाश शिशाचं झालं.
वाऱ्याने गाडी एका अंगाला सारली,
दारातली चप्पल पायाने सारावी तशी.
आधी पाऊस, मग तो काचेवर पडून
तिथेच मुक्कामाला राहू लागला.
वायपरला बर्फाच्या मुठी आल्या.
रस्त्याकडेच्या निवडुंगावर काच चढलेली,
एकेका काट्याला वेगळी खोळ.
सुंदर होतं.
मी शिव्या देत होते.

ओझोनाच्या पंपावर उतरलो.
हबकॅपने डबक्यात पाय टाकला
आणि चारी पाय चार दिशांना गेले.
उठला. माझ्याकडे बघितलं,
जणू हे मीच करून ठेवलंय.
नऊ वर्षांत जमीन त्याच्याशी अशी वागली नव्हती.
मी माझे मोजे काढून त्याच्या पुढच्या पंजांना चढवले,
वरून रबरबँड.
आता शू करायला तयार नाही.
मोजे घालून? चारचौघांत?
वीस मिनिटं वाऱ्यात उभी होते.
शेवटी झाली तेव्हा दोन ट्रकवाल्यांनी
केबिनमधून टाळ्या वाजवल्या.

रात्री नऊला त्याचं मागच्या सीटवरचं पाणी
वाडग्यासकट गोठलं.
उलटं केलं तर अखंड चकती पडली हातात,
आत त्याचाच एक पांढरा केस,
सरळ, हललाही नव्हता.
तेव्हा मी मोटेलच्या पाट्या वाचायला लागले.

एकोणपन्नास. कुत्र्याचे पंचवीस वेगळे.
"कुत्रा? छे," मी म्हणाले.
काउंटरवरची बाई, बिल्ल्यावर व्हर्लीन लिहिलेलं,
माझ्या उघड्या घोट्यांकडे बघत राहिली
आणि किल्ली सरकवली.
वीस किलोचा ऐवज ब्लँकेटात गुंडाळून
मी आत नेला, तान्हं बाळ न्यावं तसा.
बाळाची शेपटी बाहेर होती.

दोनच्या सुमाराला वीज गेली.
हीटरने एक उसासा टाकला, तो शेवटचा.
मग भिंतीत कुठेतरी पाइप फुटला
आणि हबकॅप भुंकला,
दिवसभराचं सगळं एकदम.

दारावर थाप. व्हर्लीन,
अंगात दोन कोट, हातात मिणमिणता टॉर्च.
मी सबबी जुळवत होते.
ती म्हणाली, माझ्या खोलीतही हेच चाललंय.
मग थोड्या वेळाने,
"गरम आहे का तो?"

एका पलंगावर तिघं, मध्ये हबकॅप,
ओल्या घोंगडीसारखा वास येणारा.
नवरे दोन झाले, ती अंधारात सांगत होती,
एक तेलविहिरीवर पळाला, एक देवाघरी गेला,
पाय दोघांचेही गारच असायचे.
मी हसले. पलंग हलला.
हबकॅपने झोपेतच पाय झाडले,
त्याच्या त्या धावण्यात
जमीन बहुतेक पुन्हा घट्ट झाली होती.

सकाळी संगणक बंद, म्हणून तिने पेन्सिल घेतली.
खोली, एकोणपन्नास.
कुत्रा, पंचवीस.
मी वर पाहिलं.
"नियम आहे," ती म्हणाली,
आणि खाली लिहिलं: हीटर बंद, वजा दहा.
मी चौसष्ट मोजून दिले.
नोटा गार होत्या.

बाहेर ऊन आलं होतं, टपटप चालू होती.
हबकॅप पायरी उतरला, थांबला,
मोटेलच्या पाटीखालचा खांब नीट निवडला
आणि मोज्यांसकट, निवांत, बराच वेळ.
व्हर्लीन दारात उभी होती.
"याचे वेगळे नाहीत," ती म्हणाली.